लाल दगड फुटत नाही

ज्या व्हिडिओ गेमच्या सुरुवातीला 'यातील सर्व स्थळे व पात्रे काल्पनिक आहेत' अशी पाटी झळकते, त्यातली गावं कुठून आणतात, हे तुम्ही कधी कुणाला विचारलं आहे का?

मी सांगते. निदान आमच्या खेळातली तरी जबलपूरहून आणली आहेत.

मी त्या खेळाची लेखिका आहे. खेळाचं नाव लिहिता येणार नाही, करारावर माझी सही आहे. राइट टाउनमध्ये एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस आहे. तिथे आम्ही दहा-बारा जण बसतो आणि एक नदी, तिच्या काठची राज्यं, त्यांची भांडणं आणि त्यांचे राक्षस तयार करतो. खाली कुणाची तरी दाढ काढत असतात, वर आम्ही राक्षसाला दात बसवत असतो.

माझं लिहिणं सुरू झालं ते पर्च्यांपासून. बाबा इथल्या संरक्षण कारखान्यात फिटर होते आणि युनियनचे पर्चे लिहायचे. पत्रक हा शब्द आमच्या घरात नव्हताच, सगळे पर्चाच म्हणत. जेवणं झाली की सतरंजी अंथरायची आणि आम्ही भावंडांनी घड्या घालत बसायचं. पर्चे हिंदीत असायचे, घडी वाकडी झाली तर बोलणी मराठीत. मी वाचायला शिकले ती हीच वाक्यं. त्यांतलं प्रत्येक वाक्य कुणाकडे तरी बोट दाखवायचं. आडून बोललेलं बाबांना खपत नसे. ज्याच्याविषयी बोलायचं त्याचं नाव घ्या, काय केलं ते सांगा, काय हवं ते मागा. असं वाढलेल्या मुलीला नोकरी मिळाली ती अशा धंद्यात, जिथे सगळ्यांची नावं बदलायची असतात.

आमच्या मुख्य डिझायनरला सगळे भैया म्हणतात. तो इथलाच, बंगळुरूला शिकून परत आलेला. मुलगा असो की मुलगी, तो समोरच्याला बड्डे, म्हणजे दोस्त, म्हणतो, तशी जबलपूरची पद्धतच आहे. मी रुजू झाले तेव्हा खेळातले किल्ले परदेशी खेळांतल्या किल्ल्यांसारखे होते. टोकदार मनोरे, बर्फ, कावळे. मी म्हटलं, बर्फ कशाला? मदनमहालला चला. एका भल्या मोठ्या शिळेवर छोटासा किल्ला बसला आहे, गोंड राजांच्या काळातला, आणि शेजारी एक दगड दुसऱ्या दगडावर असा तोललेला की आत्ता पडेल असं वाटतं. खेळातली पहिली चौकी तिथून आली. मग तळी आली. या शहरात राणीचं तळं, तिच्या दासीचं तळं, दिवाणाचं तळं असं ज्याच्या-त्याच्या नावाचं तळं असायचं. आज कित्येक ठिकाणी 'ताल', म्हणजे तळं, हा शब्द फक्त मोहल्ल्याच्या नावात उरला आहे, पाण्याच्या जागी घरं आहेत. आमच्या खेळात एक राज्य आहे, तिथे लढाई जिंकून कुणाला मंत्रिपद मिळत नाही. तळं खोदावं लागतं. हे मी सुचवलं आणि भैयाने टेबलावर थाप मारली.

लोहारांची नगरी मात्र सरळ आमच्या वस्तीतून उचलली. तिथे भोंगा होतो तेव्हा लोक उठतात, भोंगा होतो तेव्हा जेवतात. मी ती बाबांना लॅपटॉपवर दाखवली. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. भट्ट्या पाहिल्या, घण पाहिले, पहारेकरी पाहिले, गादीवरचे मालक पाहिले.

"एवढे लोहार काम करून राहिले," ते म्हणाले, "आन् एकाही भिंतीवर पर्चा नाही? काहून?"

"बाबा, तो काल्पनिक देश आहे."

"मग मालक काहून खरे दिसून राहिले?"

दुसऱ्या दिवशी मी चित्रकाराला सांगून नगरीच्या भिंतींवर पर्चे चिकटवले. भैयाला ते आवडले. त्याला आवडत नाहीत अशा गोष्टी फार थोड्या आहेत, म्हणून तर त्याच्याशी भांडणं अवघड जातं.

मग बुडालेल्या नगरीचं काम निघालं. नदीच्या तळाशी एक नगरी, तिच्यावरून खेळणाऱ्याची नाव जाणार, असं ठरलं होतं. भैयाने पाण्याखाली संगमरवरी खांब काढले होते आणि कारण लिहिलं होतं की राजाने पाप केलं, म्हणून देवाने नगरी बुडवली.

"गावं पापाने बुडत नाहीत," मी म्हटलं. "बरगीला चल. धरणाने बुडलेली गावं आहेत. ज्यांची बुडाली ते अजून त्याच पाण्यावर मासे धरतात."

"चलो," तो म्हणाला. त्याचं असंच असतं.

आम्ही तिघं गेलो. भैया, मी आणि आमच्याकडे नावेचं प्रोग्रामिंग करणारी मुलगी. ती रोज पनागरहून बसने येते, म्हणून ऑफिसमध्ये तिला पनागरवालीच म्हणतात. बरगीच्या काठावर ओळखीतून एक जोडपं भेटलं. त्यांची डोंगी होती. नवरा वल्हवत होता, बोलत नव्हता. बायको दोघांचं बोलत होती. आम्ही तिला अम्मा म्हणायला लागलो. व्हिडिओ गेम म्हणजे काय ते तिला समजवायला भैयाने सुरुवात केली, तर ती म्हणाली, "मालूम है. नातिन दिन भर वई में घुसी रहत है." तिची नात नागपूरला नर्सिंग शिकते आणि सुटीत येते तेव्हा मोबाईलमधून मान वर काढत नाही.

पाणी सपाट होतं, ऊन कडक होतं. भैया फोटो काढत होता. पनागरवाली वल्ह्याची पाण्यातून बाहेर येतानाची गती बघत होती, हाताने हवेत मोजत होती. आणि मध्येच, काहीही कारण दिसत नसताना, नवऱ्याने दोन्ही वल्ही पाण्याबाहेर काढली आणि आडवी धरली. अम्माचं बोलणं थांबलं. डोंगी आपल्या वेगाने जरा सरकली, मग नुसती तरंगत राहिली. वल्ह्यांवरून थेंब पडत होते. मला वाटलं, दमला असेल. भैयाला वाटलं, मासा दिसला असेल. त्याने विचारलंही.

अम्मा म्हणाली, "नीचे हमाई माई हैं. उनके मूंड़ पे चप्पू चलाएं का?"

खाली आमची माई आहे, तिच्या डोक्यावर वल्हं मारायचं का, असं ती विचारत होती. माई म्हणजे खेरमाई, गावाची राखण करणारी देवी. देऊळ नाही, मूर्ती नाही. निंबाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला एक दगड. धरणासाठी अम्माचं गाव उठलं तेव्हा लोकांनी घराच्या चौकटी उपसल्या, कौलं उतरवली, वासे बैलगाडीवर घातले. जे नेता येईल ते नेलं. माईला हलवायची कुणाची हिंमत झाली नाही.

"तिला विचारलं होतं का?" मी विचारलं. "येतेस का म्हणून?"

"विचारलं की. ती गाव सोडत नाही म्हणाली. मग गावाने तिला सोडलं." अम्मा हसली. "नव्या वस्तीत दुसरा दगड बसवला आहे. पण तो आपला नवा आहे."

उन्हाळ्यात पाणी उतरलं की काही गावांची जोती वर येतात. हिचं गाव खोल आहे, ते कधी दिसत नाही. जागा त्यांना समोरच्या टेकडीवरून आणि काठावरच्या एका झाडावरून ओळखू येते. तिथे आलं की त्या गावचे लोक वल्ही उचलतात आणि डोंगी आपोआप पुढे सरकेपर्यंत वाट बघतात. कधी वारा नसला की बराच वेळ बसावं लागतं. घाई असली तरी बसतात.

"मोटरवाले थांबत नाहीत," ती म्हणाली. "त्यांना काय माहीत." मग भैयाकडे वळून, अगदी कामाचं बोलावं तसं: "तुमच्या खेळात दाखवा. नातीने गाव पाहिलं नाही. खेळात तरी पाहील."

भैया म्हणाला, "बिलकुल अम्मा. वादा."

वादा त्याने केला, पण अम्माने हात धरला तो माझा.

पुढचे दोन महिने आम्ही ते गाव बांधलं. मला आजही वाटतं की त्या खेळात त्याहून चांगलं काही नाही. खांब गेले, कौलं आली. घरांना चौकटी नाहीत, कारण चौकटी नेल्या. भिंतीतली भोकं तशीच आहेत. खेळ तपासून बघणाऱ्यांपैकी एकाने विचारलंही, दरवाजे विसरलात का? निंब आला आणि बुंध्याशी दगड आला. पाण्याखाली तो दिसेना म्हणून चित्रकाराने शेंदराला थोडी चमक दिली. त्या चमकेने घोटाळा केला.

तो कसा, ते सांगते. आमच्या धंद्यात खेळ तयार होत असतानाच तो बाहेरच्या मुलामुलींना खेळायला देतात आणि ते कुठे अडतात ते बघतात. खेळणाऱ्याला लहानपणापासून एक सवय असते. खेळात जे चमकतं ते त्याच्यासाठी ठेवलेलं असतं. घ्यायचं, नाहीतर फोडायचं. आमच्या दगडाला काहीच काम नव्हतं, तो नुसता होता. पोरांनी नाव थांबवली आणि वरून भाले मारायला सुरुवात केली. दगड फुटेना. त्यांनी तक्रार लिहून पाठवली: लाल दगड फुटत नाही, दुरुस्त करा. एकाने नाही, जवळजवळ सगळ्यांनी.

मी त्या आठवड्यात दुसऱ्या राज्याचे संवाद लिहीत होते. सोमवारी येऊन बघते तर दुरुस्त केलं होतं. भाला लागला की दगड दुभंगत होता, आतून रत्न निघत होतं, तुतारी वाजत होती आणि गावापलीकडची वाट मोकळी होत होती. दगड फोडल्याशिवाय नाव पुढे जातच नव्हती.

मी भैयाच्या टेबलाशी गेले. पुढचं बोलणं हिंदीत झालं, मराठीत देते.

"हे कुणी केलं?"

"मी. मस्त झालंय ना? पोरं खूश आहेत."

"ती माई आहे."

"बड्डे, खेळात तिचं नाव कुठे आहे? खेळात तो जलरत्नाचा दगड आहे."

"नाव नाही म्हणून फोडायची परवानगी मिळते का?"

त्याने खुर्ची फिरवली. तो मूर्ख नाही. म्हणाला, "भेडाघाटला योगिनींच्या देवळात तूच मला घेऊन गेली होतीस. एक तरी मूर्ती धड आहे का तिथे? आपण खेळात त्या तुटलेल्याच दाखवल्या, कारण त्या तशा आहेत. फोडणं हाही इतिहास आहे."

हे बरोबर होतं आणि म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, "तिथे आपण फोडलेलं दाखवतो. इथे आपण भाला हातात देतो, फोडल्यावर बक्षीस देतो आणि वर तुतारी वाजवतो. अम्माच्या नातीला तिचं गाव बघायला मिळणार आहे ते एवढ्या एकाच ठिकाणी. ती माईला भाला मारणार. मारल्याशिवाय तिला पुढेच जाता येणार नाही."

"नात एक. खेळणारे किती असतील?"

"वादा तू किती जणांना केला होतास?"

त्याने खुर्ची परत स्क्रीनकडे फिरवली आणि दगड फुटतच राहिला. खेळ बाहेर काढायच्या तारखा ठरलेल्या होत्या.

घरी येऊन मी पर्चा लिहिला. ऑफिसातल्या प्रत्येकाच्या टेबलावर ठेवायचा म्हणून. दोन्ही बाजूंनी भरला. त्यात धरण आलं, विस्थापन आलं, बाजार आला, कल्पनेच्या नावाखाली चालणारी लूट आली. बाबांना वाचायला दिला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला, मग उलटून पाहिला, मग परत पहिल्या बाजूवर आले.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले. "मागणी कुठे आहे?"

"सगळी मागणीच तर आहे, बाबा."

"नाही बेटा. हा राग आहे. रागाचा पर्चा समोरचा माणूस वाचतो, तुझं कौतुक करतो आन् त्यावर भजे खातो. एक मागणी लिही. अशी, की ज्याच्या हातात पडेल त्याले आज संध्याकाळपर्यंत ती करता आली पाहिजे."

"मग धरण? विस्थापन?"

"ते तुझा भैया आज संध्याकाळपर्यंत करून राहिला का?"

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. मोठं बोलायचंच नाही असं ठरवलं तर मोठं कधीच होत नाही. पण दुसरा पर्चा मी चार ओळींचा लिहिला. या जागेवर एक खरं गाव बुडालेलं आहे. तिथले लोक इथे वल्ही उचलतात. आपण त्यांना शब्द दिला आहे. दगड न फोडता पुढे जाण्याची वाट द्या.

सकाळी तो सगळ्यांच्या टेबलावर होता. लोकांनी वाचला, माझ्याकडे पाहिलं, चहा प्यायला गेले. एकाने मागच्या बाजूला राक्षसाच्या शेपटीचं चित्र काढलं. दुपारी पनागरवाली पर्चा घेऊन माझ्याकडे आली.

"दीदी, हे पहिल्याच दिवशी सांगायचं की. नाव थांबवणं तर सगळ्यात सोपं आहे. खेळणाऱ्याने काहीच दाबलं नाही तर वल्ही वर घेते, प्रवाह लावते. नाव आपोआप सरकेल, वाट मोकळी होईल."

"किती दिवसांचं काम?"

"शनिवारचं. तुम्ही लोक भांडता, मग आम्ही शनिवारी येऊन ते बसवतो." ती हसत होती, पण खोटं बोलत नव्हती.

तिने ते बसवलं. मी शेजारी बसून डबा दिला, त्याहून जास्त काही मला येत नव्हतं. सोमवारी भैयाने खेळून पाहिलं. भाला मारला, दगड फुटला. पुन्हा सुरू केलं आणि हात काढून बसला. वल्ही वर आली. पाण्याचा आवाज तेवढा राहिला. त्याने दोनदा हात पुढे नेला आणि मागे घेतला. मग नाव हळूच सरकायला लागली आणि खाली कौलं, निंब, दगड, सगळं मागे गेलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण कुणाला सापडणार नाही. खेळणारा माणूस हात बांधून बसत नाही, बड्डे. मी पैजेवर सांगतो."

शेवटी ठरलं ते असं. दोन्ही वाटा राहतील. कोण दगड फोडून जातं आणि कोण थांबून जातं, याची नोंद खेळ स्वतः ठेवेल. खेळ बाहेर आल्यावर काही महिन्यांनी ती नोंद बघायची. थांबणारे जास्त निघाले तर दगड फोडण्याची सोय काढून टाकायची. नाही निघाले तर आहे तसं ठेवायचं आणि मी पुन्हा पर्चा लिहायचा नाही. ही शेवटची अट भैयाची. मी ती मान्य केली नाही, पण तो हसला आणि बैठक संपली.

सुरुवातीच्या पाटीत मात्र एक ओळ वाढवून घेतली. काल्पनिक देशातल्या नद्या, तळी आणि बुडालेली गावं जबलपूरच्या परिसरातली आहेत, असं तिथे आता लिहिलेलं असेल. कंपनीच्या वकिलाने दोन दिवस घेतले आणि परवानगी दिली.

मग मी बरगीला गेले, एकटीच. दिलेल्या शब्दाचं काय झालं ते तोंडावर सांगायला हवं होतं. अम्मा काठावर जाळं सोडवत बसली होती. मी लॅपटॉप उघडून तिला गाव दाखवलं. तिने निंब पाहिला. घरं कमी आहेत म्हणाली. चौकटीची भोकं पाहून नवऱ्याला हाक मारली आणि त्याने वाकून बराच वेळ पाहिलं. मग मी तिला दोन्ही वाटा सांगितल्या. थांबणाऱ्यांची आधी, फोडणाऱ्यांची नंतर.

तिने जाळं खाली ठेवलं.

"म्हणजे फोडणार."

"काही जण. सगळे नाही."

"आणि आमच्या पोरीला दोन्ही करता येईल."

"हो."

मला वाटलं होतं ती समजून घेईल. जुनी माणसं समजून घेतात असं आपण धरून चालतो. तिने समजून घेतलं नाही. म्हणाली, "मोटरवाल्याला माहीत नसतं, म्हणून तो थांबत नाही. तुमच्या खेळात त्याला खाली माई दिसेल. दिसूनही मारेल." मग तिने विचारलं, "कितने जने रुकेंगे?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी खरं तेच सांगितलं. तिने जाळं परत हातात घेतलं आणि म्हणाली, "तो पूछ के बताना." लोकांना विचार आणि मला सांग.

म्हणून मी तुम्हाला विचारते आहे, आणि माझी मागणी एकच आहे. खेळाचं नाव मला लिहिता येत नाही, पण जागा आली की तुम्ही ओळखाल. तुमची नाव रुंद, सपाट पाण्यावर येईल. खाली चौकटी नसलेली घरं दिसतील आणि निंबाच्या बुंध्याशी एक शेंदरी दगड चमकेल. तुमच्या हातात भाला असेल. तो मारू नका. स्क्रीनवरून बोटं उचला. वल्ही वर येतील आणि मग बराच वेळ काहीच होणार नाही. खेळ बिघडला असं वाटेल. तरी हात लावू नका. नाव आपोआप सरकेपर्यंत बसा. तुमच्या घरात कुणी खेळत असेल, तर त्याला आजच हे सांगून ठेवा.